फुटक्या सुराचा धनी

भाऊंना मी किती ओळखत होतो असं कोणी विचारलं तर गळ्यापासून कानापर्यंत, एवढंच उत्तर मला देता येईल. तेवढा भाग मात्र चांगला ओळखीचा होता. डाव्या गालावरचे केस खालून वर जायचे, उजव्या गालावरचे वरून खाली, आणि हनुवटीखाली एक भोवरा होता, तिथे वस्तरा आडवा धरावा लागे. ते कुठे वाढले, वाजवायला कोणाकडे शिकले, मूलबाळ का झालं नाही, यातलं मला काही माहीत नाही. मी विचारलं नाही. माझा स्वभाव विचारण्याचा नाही, आणि दाढी चालू असताना माणसाला उत्तर देता येत नाही, त्यामुळे माझं निभावून गेलं. लिहिण्याचीही मला सवय नाही. दुसरं कोणी लिहिणारं असतं तर मी हे हाती घेतलं नसतं. पण वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, लिहिणार नाहीत, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो गृहस्थ भलतंच सांगत फिरतो.

माझं सलून कोपऱ्यावर, दोन खुर्च्यांचं. एक खुर्ची वरखाली होते, दुसरी होत नाही. भाऊ न होणारीवर बसायचे. ते मला ‘कारागीर’ म्हणत. ते क्लॅरिनेट वाजवतात हे मला शेजारच्या शिंप्याकडून कळलं, आणि तेही किती तरी दिवसांनी.

आता त्या धुनेबद्दल सांगतो. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी एक धून लागते. ती माहीत नाही असा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. आधी व्हायोलिनं येतात, मग क्लॅरिनेट एकटं वर चढत जातं, अगदी टोकाला पोचतं आणि तिथे त्याचा सूर फुटतो. कोंबडीच्या पिलावर पाय पडावा तसा आवाज येतो. मग काही झालंच नाही अशा थाटात क्लॅरिनेट खाली उतरतं. लोकांना त्या धुनेतलं दुसरं काही आठवत नाही, तेवढा आवाज आठवतो. शाळेतली पोरं तो काढतात, दूधवाला काढतो, माझा मेहुणा शिंकून झाल्यावर काढतो.

ही धून लागली की भाऊंचा घसा हलायचा. मी वस्तरा उचलून धरायचो. सुरुवातीला वाटलं, आवंढा गिळताहेत. मग लक्षात आलं की ते आतल्या आत वाजवताहेत. सूर चढेल तसा कंठ वर जायचा. पण रेडिओवर सूर फुटायचा तेव्हा यांचा कंठ शांतपणे तिथेच थांबायचा आणि सावकाश खाली यायचा. त्यांच्या घशात तो सूर फुटत नसे.

एकदा पलीकडच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाने सवयीने तो आवाज काढला आणि म्हणाला, “कोण गाढव वाजवत होतं कोण जाणे, पण अमर झालं.”

“मी,” भाऊ फेसाच्या आतून म्हणाले.

गिऱ्हाईक खूप हसलं. त्याला वाटलं, म्हातारा थट्टेखोर आहे.

असंच चालू राहिलं असतं. पण एका सकाळी संगीतवाल्यांच्या संस्थेचा माणूस दुकानात आला. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. भाऊ खुर्चीवर होते, अर्धी दाढी झाली होती.

“दुकानात गाणी लावता?” त्याने विचारलं.

“रेडिओ लावतो.”

“म्हणजे लावता. परवाना?”

“रेडिओला परवाना?”

“घरी ऐकलात तर नको. गिऱ्हाइकाला ऐकवलात तर लागतो.”

“मी कुठे ऐकवतो? मी दाढी करतो. तो आपला वाजतो.”

“मग गिऱ्हाइकाच्या कानात बोळे घालता का?”

मी विचारलं, “हे पैसे जातात कुठे?”

“ज्याचं संगीत त्याला. रचणारा, गाणारा, वाजवणारा, कंपनी. सगळ्यांचा वाटा असतो.”

“वाजवणारे इथेच बसलेत,” मी म्हटलं. “परस्पर यांनाच देऊन टाकू का?”

मी चेष्टेत बोललो होतो. पण तो माणूस आपल्या कामाचा पक्का होता. त्याने भाऊंना विचारलं, “काय वाजवलंय तुम्ही?”

“बातम्यांची धून.”

“नाव नोंदवलंय?”

“नाव कोणी विचारलं नव्हतं.”

त्या माणसाने पिशवी खाली ठेवली. “अहो आजोबा, त्या धुनेचे पैसे वर्षानुवर्षं जमताहेत. रेडिओ देतो, हॉटेलं देतात, दवाखाने देतात, आता हे देतील. वाजवणाऱ्याची जागा मोकळी आहे तिथे.”

“आणि मोकळीच राहिली तर?”

“काही वर्षं वाट बघतात. मग मोठ्या नावांमध्ये वाटून टाकतात.”

तो गेल्यावर भाऊ बराच वेळ बोलले. इतकं ते त्याआधी आणि त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्या काळी वादक जमवणारा एक कंत्राटदार असायचा. तो माणसं गोळा करून स्टुडिओत आणायचा आणि वाजवून झालं की जिन्यात उभा राहून प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवायचा. वाद्यं मोजायची रीत होती, नावं विचारायची नव्हती. ही धून रेकॉर्ड झाली त्या दिवशी क्लॅरिनेटं दोन होती. दोघांनी बरोबर वाजवायचं आणि मधला एकट्याचा तुकडा भाऊंनी. वाद्याच्या तोंडाशी वेताची पत्ती असते, ती थुंकीने ओली असावी लागते. त्या दिवशी ती थोडी सुकली होती. सूर फुटला. भाऊ हात वर करून ‘पुन्हा घेऊ’ म्हणणार, तेवढ्यात काचेपलीकडे संगीतकार हसत सुटले. राहू दे म्हणाले, जिवंत वाटतंय. आणि पुढचं गाणं सुरू केलं.

“जन्मभर नीट वाजवलं, कारागीर,” भाऊ म्हणाले. “आणि जगाने जपून ठेवलं काय, तर सुकलेली थुंकी.”

ती धून त्यांनी पुन्हा कोणासमोर वाजवली नाही. घरी मात्र रोज सकाळी तो तुकडा वाजवायचे, न फुटलेला. वहिनी सांगायच्या, “दात घासायच्या आधी हे सुरू. जसं काही रेडिओवाले दाराशी उभे आहेत, दुरुस्त करून न्यायला.”

अर्ज वहिनींनीच करायला लावला. त्या उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या, नजर कमी होत चालली होती, भाडं थकलं होतं. महिन्याभराने संस्थेकडून निरोप आला की याच धुनेसाठी आणखी एका वादकाने अर्ज केला आहे.

भाऊंनी ते ऐकून फक्त एवढं म्हटलं, “बाजूवाला.”

स्टुडिओत ज्याची खुर्ची भाऊंच्या बाजूला असायची तो हा दुसरा क्लॅरिनेटवाला. भाऊ त्याला कधीच दुसऱ्या नावाने बोलवत नसत. जाडजूड, हसरा, अत्तर लावणारा माणूस. पुढे त्याने हॉटेलांत वाजवून बरं कमावलं. जेवायला आलेले लोक फर्माईश करायचे, ती बातम्यांची होऊन जाऊ दे. हा वाजवायचा आणि टोकाला जाऊन ते पिलू असं चिरडायचा की लोक टेबलं बडवायचे. वर्षानुवर्षं वाजवली. कोणी विचारलं, रेडिओवरही तुम्हीच का, तर नुसता हसायचा. पुढे पुढे हसणंही सोडलं आणि हो म्हणू लागला.

साक्षीला कोणी उरलं नव्हतं. संगीतकार गेले, कंत्राटदार गेला. एक ढोलवाला तेवढा हयात निघाला. त्याला संस्थेने विचारलं तर तो म्हणाला, दोघांचेही कोट काळे होते, आणि माझी पाठ होती तिकडे.

मग संस्थेने ठरवलं की दोघांनी येऊन वाजवून दाखवावं.

आदल्या संध्याकाळी वहिनी भाऊंना घेऊन दुकानात आल्या. “तुम्ही जा यांच्याबरोबर,” मला म्हणाल्या. “तुमच्यासमोर मान हलवत नाहीत, सवय आहे.” मग भाऊंकडे वळल्या. “आणि ऐका. ती कोंबडी काढायची. तुम्हाला नीट वाजवायला बोलावलेलं नाही. कळलं का?”

“कळलं.”

“काय कळलं, म्हणून दाखवा.”

“कोंबडी काढायची,” भाऊ म्हणाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. वहिनी हसल्या नाहीत.

सकाळी मी त्यांची दाढी करून दिली. रिक्षात पेटी माझ्या मांडीवर होती. मी भीत भीत विषय काढला, “भाऊ, तेवढा आवाज…”

“तुम्ही मुद्दाम गाल कापून दाखवाल का कोणाला?”

मी पेटी सावरून धरली. पुढच्या वळणावर तेच म्हणाले, “काढतो हो. न काढायला काय झालं.”

संस्थेची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. एका लांब खोलीत टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये अधिकारी बाई, एका हाताला निवृत्त व्हायोलिनवाले, दुसऱ्या हाताला एक गायक, ज्याचं लक्ष आपल्या फोनमध्ये होतं. मला दाराजवळच्या स्टुलावर बसू दिलं. बाजूवाला आधीच आला होता. त्याने उठून भाऊंना खुर्ची दिली, पाणी आणून दिलं आणि विचारलं, “दात आहेत ना सगळे?”

“पुढचे आहेत.”

“झालं तर. मागच्यांनी कोण वाजवतो.”

बाईंनी आधी मूळ धून लावली. तो आवाज आला तेव्हा गायकानेही फोनवरून डोकं वर केलं आणि हसला. मग बाजूवाल्याला वाजवायला सांगितलं.

त्याने वाजवलं. मला संगीतातलं कळत नाही, पण चढताना तो धापा टाकत होता हे मलाही कळलं. दोन ठिकाणी बोट घसरलं. पण टोकाला पोचला आणि त्याने तो सूर असा फोडला की रेडिओच लावलाय असं वाटावं. तेच पिलू, तोच पाय. तिघंही खळखळून हसले. व्हायोलिनवाल्यांनी टेबलावर थाप मारली. “अगदी तेच,” ते म्हणाले.

मग भाऊ उभे राहिले. बसून वाजवायला ते तयार नव्हते. पत्ती तोंडात धरून भिजवली, बराच वेळ भिजवली, आणि सुरू केलं.

ते कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. खोलीतला पंखा त्रास द्यायला लागला, एवढं आठवतं. कोणीतरी तो बंद करावा असं वाटत होतं. सूर एकेक पायरी चढत गेला, टोकाला पोचला, तिथे थांबला, भरला, आणि खाली आला. फुटला नाही. जराही हलला नाही.

मग व्हायोलिनवाले म्हणाले, “सुंदर. पण हे ते नव्हे.”

“ते असंच होतं,” भाऊ म्हणाले. “असं असायला हवं होतं.”

“कसं असायला हवं होतं हे आम्ही ठरवत नाही, काका,” बाई म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. “रेकॉर्डवर जसं आहे तसं वाजवा. आणखी एकदा.”

मी स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी खूण केली असती. त्यांनी पाहिलं नाही. पुन्हा पत्ती भिजवली, पुन्हा वाजवलं. सूर पुन्हा सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

गायकाने फोन खिशात टाकला आणि बाईंना हळूच म्हणाला, “याचा त्या धुनेशी काय संबंध?”

तेव्हा मी उठलो. चार माणसांत बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी म्हटलं, “बाई, ते यांचंच आहे. मी यांची दाढी करतो. धून लागली की यांचा घसा हलतो. रोज हलतो.”

बाजूवाला सोडून सगळे हसले. बाई म्हणाल्या, “घशाची नोंद आमच्याकडे होत नाही हो काका. बसा तुम्ही.”

मी बसलो. निकाल त्यांनी तिथेच सांगितला नाही, पण भाऊंना चहा विचारला नाही आणि बाजूवाल्याकडे बँकेचा तपशील मागितला, त्यावरून कळलंच.

जिन्यात बाजूवाल्याने आम्हाला गाठलं. तो खाली उतरताना कठड्याला धरून धरून उतरत होता. म्हणाला, “फार छान वाजवलंत. शपथेवर सांगतो, असं मला जन्मात जमलं नसतं.”

भाऊ चालत राहिले. मला राहवलं नाही. मी विचारलं, “ती यांनीच वाजवली आहे ना? तुम्ही तिथे होतात.”

“यांनीच,” तो म्हणाला. “मला विचारता? माझ्या मांडीला मांडी लावून वाजवली.”

“मग आत का नाही बोललात?”

“आत कोणी विचारलं का, कोणी वाजवली? वाजवून दाखवा म्हणाले. मी दाखवली.” मग तो भाऊंना मागून म्हणाला, तेही अगदी मायेने, “तुम्ही त्या सुराला कधी घरात घेतलं नाहीत. बाहेर उभं ठेवलंत. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, चार ठिकाणी नेलं, त्याच्यावर जेवलो. आता पोर कोणाचं म्हणायचं, तुम्हीच सांगा. आज एकदा जवळ घेतलं असतंत तर मी मुकाट्याने उठून घरी गेलो असतो.”

भाऊंनी रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “येत नाही हो, कारागीर. चुकायला गेलो की बोटं आपली आपण नीट पडतात.”

ते खरं होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. कदाचित इतकी वर्षं घासून घासून त्यांनी ती चूक हातातून खरंच काढून टाकली असेल. कदाचित त्या तिघांसमोर त्यांना एकदा नीट वाजवायचं असेल, पैसे गेले तरी. दुसऱ्यांदा वाजवताना त्यांचा चेहरा ओढलेला नव्हता, हे मी पाहिलं होतं. पण तेवढ्यावरून काय धरायचं?

घरी वहिनी दारातच होत्या. मी पेटी खाली ठेवली. त्यांनी आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि विचारलं, “काढली नाही ना?”

भाऊ आत जाऊन खाटेवर बसले.

“आयुष्यात एकच चूक अशी केली होती यांनी, जी मला जेवायला घालणार होती,” वहिनी मला म्हणाल्या. “तीही दुरुस्त करून आले.”

मी निघालो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त उलटं माहीत आहे. बाजूवाल्याचं नाव नोंदलं गेलं. अडकून पडलेली रक्कम त्याला मिळाली, आणि पुढची मिळत राहिली. रेडिओवाल्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. तिथे त्याने सुकलेल्या पत्तीची गोष्ट सांगितली, काचेपलीकडे हसलेल्या संगीतकारांची सांगितली, हात वर करणार होतो तेसुद्धा सांगितलं. फार रंगवून सांगितली. आमच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं ती ऐकत होती, आणि भाऊ त्यांच्या वरखाली न होणाऱ्या खुर्चीवर होते. मी उठून रेडिओ बंद करायला गेलो.

“राहू दे की,” ते म्हणाले. “पैसे भरलेत ना तुम्ही?”

भरले होते. परवानावाला दर वर्षी वेळेवर यायचा.

क्लॅरिनेट वहिनींनी विकलं. भाड्यासाठी विकलं, त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. त्यांनी चार ठिकाणी विचारलं, आणि सगळ्यात चांगली किंमत बाजूवाल्याने दिली. घासाघीस केली नाही, वर वहिनींना साडीही दिली. नंतर वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. मांडीवर ते क्लॅरिनेट, आणि खाली छापलेलं, की ती धून ज्या वाद्यावर वाजली ते हेच. मी तो अंक दुकानात ठेवला नाही. पण शिंप्याने ठेवला होता आणि भाऊंनी तो त्याच्याकडे उभं राहून वाचला. शिंपी म्हणाला, वाचून झाल्यावर त्यांनी घडी घातली आणि एवढंच म्हटलं, “वाद्याचं बरोबर लिहिलंय.”

त्यानंतर ते कमी येऊ लागले. आले की गालांची दाढी करून घ्यायचे आणि ओठांपाशी हाताने थांबवायचे. वाजवत होते तोवर खालच्या ओठाखाली एक केस त्यांना चालत नसे; पत्ती बसते तिथे टोचतं म्हणायचे, आणि मला तिथून दोनदा वस्तरा फिरवायला लावायचे. आता मिशी वाढली, ओठाखालीही पांढरं खुंट राहू लागलं. चेहरा बदलला. रस्त्यात दिसले तर मला ओळखायला क्षणभर वेळ लागे. वहिनींची नजर तोवर बरीच गेली होती. त्या म्हणायच्या, “हात लावला तर दुसराच कोणी बसलाय असं वाटतं.” त्यात राग होता की गंमत, मला कळलं नाही.

थंडीत एके दिवशी दुपारी आले. दुकान रिकामं होतं. मी गरम टॉवेल ठेवला, गाल केले, मान साफ केली. त्याच आठवड्यात ते झोपेत गेले, हे मला नंतर कळलं. त्या दुपारी त्यांना नेहमीसारखाच खोकला होता आणि त्याहून जास्त काही नव्हतं. मिशी एका बाजूला जरा जास्त वाढली होती.

“कडेने बारीक करू का?” मी विचारलं.

त्यांनी आरशात पाहिलं. “वेडीवाकडी दिसते?”

“फार नाही.”

“मग राहू दे. पुढच्या वेळी बघू.”

“बरं.”